राखीव अंतराळवीर आणि फ्रीजरमधले मोदक

शाळेत असताना ‘वीज नसती तर’ हा निबंध मी इतक्यांदा लिहिला की त्याचा शेवटचा परिच्छेद झोपेतही म्हणून दाखवला असता. मिशिगनमधल्या आमच्या मराठी मंडळानं २००३च्या गणपतीत मुलांच्या भाषणांसाठी तोच विषय काढला, फक्त विजेच्या जागी तंत्रज्ञान घातलं. आयांनी भाषण रोमन लिपीत लिहून द्यायचं, मुलांनी ते पाठ करून म्हणायचं आणि आपली संस्कृती टिकली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही तिथली रीत. माझ्या मुलीचं भाषण मीच लिहिणार होते. घरीच असायचे ना.

खरं म्हणजे मला घरी बसवलं होतं. पुण्यात मी टेलिफोन एक्स्चेंजची सर्किटं तपासणारी इंजिनिअर होते. मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आले ती नवऱ्याच्या व्हिसाचं शेपूट होऊन, आणि त्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डाची फाइल लावली होती. ती पुढे सरकली की मला कामाचा परवाना मिळणार होता. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मिळेल, असं वकील म्हणाला होता. त्या उन्हाळ्याच्या आशेवर मी दिवस ढकलत होते. मंडळाचं मात्र आयतंच फावलं. “तू घरीच असतेस ना” म्हणत सगळी कामं माझ्या गळ्यात घालायचे. त्या वर्षी प्रसादाचे उकडीचे मोदक आधीच करून फ्रीजरमध्ये ठेवायचं ठरलं. ते कुणी वळले हे सांगायला नकोच.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कझाक आजोबा मुलाकडे राहायचे. कॉम्प्लेक्समधले आपले लोक त्यांना ‘अंतराळवीर’ म्हणून चिडवत, कारण ते स्वतःला तसं म्हणवत. थाप नव्हती ती. सोव्हिएत काळात ते वैमानिक होते, अंतराळवीर म्हणून निवडले गेले आणि वर्षानुवर्षं राखीव तुकडीत तयारी करत राहिले. भाषणाला काही मसाला मिळेल म्हणून मी त्यांना चहाला बोलावलं.

मोडक्या इंग्रजीत ते बराच वेळ बोलले. परतताना यान भलतीकडे उतरलं तर काय करायचं, याचं त्यांना शिक्षण होतं. ऐन हिवाळ्यात जंगलात नेऊन सोडत. मग पॅराशूटच्या कापडाचा तंबू करायचा, ओल्या लाकडावर जाळ पेटवायचा, बर्फ वितळवून प्यायचं. यंत्र बंद पडल्यावर कसं जगायचं ते सगळं शिकून झालं, यंत्रात बसायचं तेवढं राहून गेलं. देश फुटला. रॉकेट त्यांच्याच माळरानावरून उडत राहिलं, पण प्रशिक्षण केंद्र रशियात, म्हणजे आता परदेशात गेलं आणि त्यांची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. हे त्यांना साहेबानं कँटीनमध्ये सांगितलं, पाव पुढे करता करता.

“मग तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“ठीक आहे, म्हणालो. आणि सूप संपवलं,” ते म्हणाले. “जागा गेल्याचं आता काही वाटत नाही. सूप संपवल्याचं वाटतं.”

हे मी भाषणात घातलं नाही. मंडळाला शेवट गोड लागतो.

आणि ऑगस्टमधल्या एका दुपारी खरोखरच वीज गेली. न्यूयॉर्कपासून आमच्यापर्यंत सगळं बंद. सिग्नल बंद, पेट्रोल पंप बंद, थोड्या वेळानं नळाचं पाणीही गेलं. संध्याकाळपर्यंत फ्रीजर पाझरायला लागले, तेव्हा सगळी मराठी घरं आपापली साठवण घेऊन खाली हिरवळीवर आली. कुणाच्या सासूबाईंनी करून ठेवलेल्या पुरणपोळ्या, कुणाचं खवलेलं खोबरं, आणि माझे मोदक. कोळशाची शेगडी पेटली. मोदकांवरून मात्र वाद झाला. गणपती यायच्या आधीच त्याचे मोदक खायचे कसे? शेवटी एका रिटायर्ड डॉक्टर काकांनी निकाल दिला की नैवेद्य दाखवेपर्यंत तो नुसता खाऊच असतो. शास्त्रार्थ संपला आणि मोदकही संपत आले. उकड जरा चिवट झालीय, एवढं एका काकूंनी आवर्जून सांगितलं.

मग सुरू झालं कौतुक. टीव्ही नाही, कॉम्प्युटर नाही, माणसं माणसांशी बोलताहेत, असंच राहायला हवं यार. ज्यांना वीज आल्यावर ऑफिसात जायचं होतं, त्यांना हे सुचत होतं. माझी वीज पुणं सोडलं तेव्हाच गेली होती आणि ती गेल्याचं कौतुक कुणी केलेलं मला आठवत नाही. मला त्या सगळ्यांचा मनापासून राग आला.

नवरा शेगडीवर कणसं भाजत होता. कणीस फिरवता फिरवता त्यानं मित्राला सांगितलं की दुसऱ्या कंपनीची ऑफर त्यानं अ‍ॅक्सेप्ट केली, पेपर्स कालच साइन केले. मी तिथेच, हातभर अंतरावर उभी होते. मित्रानं विचारलं, मग ग्रीन कार्डाचं काय?

“ते रीस्टार्ट होईल, पहिल्यापासून,” नवरा म्हणाला. “लागतील काही वर्षं. हिला कुठे घाई आहे? घरीच तर असते.”

आणि त्यानं तिखटमीठ लावलेलं कणीस माझ्यापुढे केलं.

मी ते हातात घेतलं. समोर घडीच्या खुर्चीत कझाक आजोबा बसले होते. मराठीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता, पण ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा मोदक अर्धाच राहिला होता. मी कणीस परत शेगडीवर ठेवलं.

“मला घाई आहे,” मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मुलीनं इंग्रजीत विचारलं, आई, काय झालं? उकडीवाल्या काकूंनी माझ्या ताटलीत एक मोदक वाढला. नवरा हसून म्हणाला, घरी बोलू. घरी बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सही झालेली होती.

वीज आली. मोदक मी पुन्हा वळले. मुलीला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. आजोबा पुढच्या वर्षी मायदेशी गेले. जाताना त्यांनी माझ्याशी हात मिळवला, नवऱ्याशी नाही, एवढंच मला समाधान.

परवाना आला तो २००७ संपता संपता. पुढच्या वर्षी गाड्यांच्या कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली आणि नवऱ्याची नोकरी गेली. इतकी वर्षं रिकाम्या बायकोच्या अर्जाला कोण विचारतो? तरी मी अर्ज करत होते. तो दिवसभर घरी. फोन वाजला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा. कुणाचा होता, इंटरव्ह्यूला बोलावलं का, कधी सांगणार आहेत?

एकदा जेवताना त्यानं पुन्हा तेच विचारलं. मी त्याला पोळी वाढली आणि म्हणाले, “तुला कसली घाई आहे? घरीच तर असतोस.”

त्यानं मान खाली घातली आणि पानातलं सगळं संपवलं.