पाचवे नख

नोकरीतल्या बहुतेक फाइली डोक्यातून पुसल्या गेल्या, पण एका लाकडी मूर्तीची फाइल अजून गेलेली नाही. तिच्यापायी माझी बदली झाली. त्याचे मला तेव्हाही वाईट वाटले नाही, आज तर मुळीच वाटत नाही.

मी रत्नागिरी तालुक्यातला. विशीत आखातात गेलो आणि अमिरातीतल्या एका पोलीस दलात शिपाई म्हणून लागलो. त्या काळी आम्हां परदेशी माणसांनाही भरतीत घेत. अरबी शिकलो, हळूहळू तपास विभागात आलो. हिंदी किंवा मराठी बोलणारा आरोपी आला की फाइल हमखास माझ्या टेबलावर पडे.

नव्वदच्या दशकाची अखेर असेल. सकाळची हजेरी होते न होते तोच एक शेठ ठाण्यात आले. मूळचे मुंबईचे, मराठी, बांधकामाच्या सामानाचा मोठा व्यापार. त्यांच्या दिवाणखान्यात जुन्या चिनी मूर्तींची जोडी होती, सम्राट आणि सम्राज्ञी. दीड लाख दिरहम मोजले होते, म्हणजे तेव्हाचे सोळा-सतरा लाख रुपये. सम्राटाच्या बैठकीला चीर गेली होती आणि अंगावर काजळीचा थर होता, म्हणून त्यांनी तो एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला दिला होता. परत आला तो वेगळाच, असे त्यांचे म्हणणे. तक्रारीत एवढेच लिहिले होते : अस्सल मूर्ती बदलून नकली दिली.

दुरुस्ती करणारा सावंतवाडीकडचा मेस्त्री होता. पन्नाशीचा, किडकिडीत, बोटे मात्र जाडजूड. त्याला आणून बसवले.

दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितले नाही. मोडक्या हिंदीत म्हणाला, "पाँच नाखून वाला राजा खोर फक्कान से जा रहा है. कुर्सी के बक्से में." खोर फक्कान हे पूर्व किनाऱ्यावरचे बंदर. आम्ही तिथल्या पोलिसांना कळवून बंदरावर गेलो. वर्कशॉपची खोकी उतरवून एकेक फोडली. खुर्च्या निघाल्या, भुसा निघाला. राजा नव्हता.

परतीच्या वाटेवर एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली. नखांचा उल्लेख तक्रारीत नव्हता. मग फोनवाल्याला नखे कुठून कळली?

दुसऱ्या दिवशी शेठ आपला तज्ज्ञ घेऊन आले. ज्याने त्यांना ती जोडी विकली तोच हा पुराणवस्तूंचा दुकानदार. माणूस गोड बोलणारा. त्याने मूर्ती टेबलावर ठेवली. हातभर उंच, सिंहासनावर बसलेला पुरुष, छातीवर ड्रॅगन कोरलेला.

"चीनमध्ये पाच नखांचा ड्रॅगन फक्त सम्राटाचा," तो म्हणाला. "राजपुत्राला चार. दुसऱ्या कुणी पाच नखं वापरली तर मुंडकं उडायचं. मी विकली तिला पाच होती. मोजा, हिला चार आहेत. नक्कल करणाऱ्या सुताराला हे काय माहीत?"

मी मोजली. प्रत्येक पंजाला चारच.

माझ्या वरिष्ठांना प्रकरण सरळ वाटले. कबुलीजबाब अरबीत तयारच होता. "सही घे, खलास," ते म्हणाले.

मी कागद मेस्त्रीपुढे ठेवला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"ह्यात काय लिवलांहा?"

"मूर्ती तुम्ही बदलली, असं."

"मगे मी सही करूचंय नाय."

"मेस्त्री, सही नाही केलीत तर जास्त दिवस आत राहाल."

"ऱ्हवान. चाळीस वर्सां लाकूड कोरतंय सायबानु. जां माझां नाय तां माझां म्हणूचंय नाय."

आवाज चढलेला नव्हता. तीस वर्षांच्या नोकरीत मी खोटे बोलणारे पुष्कळ पाहिले. ते शपथा घालतात, रडतात, पाय धरतात. हा माणूस कागदाकडे असा पाहत होता, जसा एखादा सुतार वाकड्या फळीकडे पाहतो.

मी खुर्ची त्याच्या बाजूला ओढली. "मग पाचवं नख कुठं गेलं?"

"कापसार इलां. टर्पेंटायनाचो बोळो लावलंय तर भायर पडलां. मेणाचां होतां तां, रंग लावलेलां. मी घाबारलंय. थयंच थांबलंय."

"थांबलात म्हणजे? सगळी मूर्ती पुसली नाहीत?"

"म्होरले सगळे पंजे पुसलंय, सगळीकडे तांच झालां. सिंहासनाच्या पाठीर दुसरो ड्रॅगन आसा. तेका हात लावूक नाय. बघा जावन."

मी उठून मुद्देमालाच्या कपाटाशी गेलो. मूर्ती फिरवली. काजळीच्या थराखाली बारीकसा ड्रॅगन होता. नखे पाच.

नक्कल करणारा पुढे चार आणि मागे पाच कशाला कोरेल?

शेठना फोन लावला. "नखांबद्दल तुम्ही आणखी कुणाला सांगितलं होतं?"

"फक्त डीलरला. नखं कमी दिसली तेव्हा कम्प्लेंटच्या आधी त्यालाच रिंग केलं. पण तुम्ही कोकणातले, मेस्त्रीही कोकणातला. साइड कुणाची घेताय?"

"अजून कुणाचीच नाही, शेठ."

वरिष्ठांना मी सांगितले की पाठीमागचा ड्रॅगन सर्वांसमोर पुसून पाहू. ते भडकले. मुद्देमालाला हात लावायचा नाही, शेठची ओळख वरपर्यंत आहे, फाइल आजच बंद कर. मी फाइल बंद केली नाही. दोन पानांची टिपणी लिहून थेट सरकारी वकिलांकडे पाठवली. हे शिस्तीत बसत नव्हते. ठाऊक असूनच पाठवली.

दोन दिवसांनी चाचणी ठरली. वकिलांच्या दालनात शेठ, दुकानदार, मेस्त्री आणि मी. वकिलांनी दलाच्या प्रयोगशाळेतला माणूस बोलावला होता. त्याने कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये भिजवून पाठीमागच्या पंजावर धरला. चार नखे जागची हलली नाहीत. पाचवे मऊ पडले आणि बोळ्याला चिकटून आले. खालचे लाकूड जुने, सपाट, काळे. तिथे कधी काही कोरलेलेच नव्हते.

शेठ खाली वाकून पाहत राहिले. दुकानदार म्हणाला, "यानंच लावलं असेल." पण घाम त्याच्या ओठांवर आला होता. त्याच दुपारी दुकानाची झडती झाली. खणात त्याच रंगाचे मेण निघाले आणि अर्धवट नखे लावलेली आणखी एक मूर्ती. संध्याकाळपर्यंत तो बोलता झाला. मेस्त्रीने अस्सल मूर्ती पळवली असे भासवायला फोनही त्यानेच केला होता.

"राजपुत्राला गिऱ्हाईक नाही साहेब," तो म्हणाला. "सम्राटाला आहे."

मेस्त्री सुटला. शेठ त्याला घ्यायला स्वतः गाडी घेऊन आले. म्हणाले, "मेस्त्री, झालं ते झालं. काय हवं ते मागा."

मेस्त्री म्हणाला, "वर्कशापात सगळ्यांच्या म्होरां माका चोर म्हटलास. थयंच येवन सांगा, चोर नव्हतंय म्हणान."

शेठचा चेहरा उतरला. पण गेले. मीही गेलो. करवती थांबल्या, साठ-सत्तर कारागीर उभे राहिले, आणि एवढा मोठा माणूस भुशात उभा राहून म्हणाला, "माझी चूक झाली. यांनी चोरी केली नव्हती." मेस्त्रीने मान हलवली, रंधा उचलला आणि कामाला लागला.

महिन्याभरात माझी बदली बंदराच्या फाटकावर झाली. ट्रकांचे कागद तपासत तीन वर्षे काढली. मित्र म्हणत, सही घेऊन मोकळा झाला असतास. मी म्हणे, झालो असतो, आणि एक निर्दोष माणूस आत गेला असता.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. जो सही करत नाही त्याला आडमुठा म्हणायचे नाही. कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि तो का अडला ते विचारायचे. फाटकावरसुद्धा मी ड्रायव्हरला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय एकाही कागदावर अंगठा घेतला नाही. मागे ट्रकांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे. वाजू देत असे.