केसांवर मिळालेली वाटी

माझ्या दोन्ही नातवंडांनो,

थोरलीच्या लॅपटॉपचा कॅमेरा बिघडला, असं तुमच्या आईने काल फोनवर सांगितलं. तीन रविवार व्हिडिओ कॉलवर तिचा नुसता आवाज येतो आहे. मग आईच आवाज खाली आणून म्हणाली की जानेवारीतल्या तापानंतर थोरलीचे केस फार गळताहेत. म्हणून हे आत्ता लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी माझाही कॅमेरा बिघडला होता. आईने हे मोठ्याने वाचावं; धाकट्याने मध्ये हसू नये.

त्या श्रावणात मला डेंग्यू झाला. डासांबद्दल सोसायटीला तीन पत्रं लिहिणारी मी. अळ्या सापडल्या त्या माझ्याच मनी प्लँटच्या बाटलीत. ताप आठवड्यात उतरला. मात्र नवरात्राच्या सुमारास कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. नोकरीच्या सगळ्या वर्षांत ज्याची एक पिन घसरली नाही, तो माझा अंबाडा सुपारीएवढा झाला. शेजारणीने कांद्याचा रस सुचवला. तो लावला. केस गळतच राहिले, फक्त आता त्यांना वास येऊ लागला.

केसांचं दुःख नव्हतं, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. भीती ही होती की स्क्रीनवर तुम्हाला आजीऐवजी कुणीतरी म्हातारी दिसेल आणि मग तीच लक्षात राहील. त्या रविवारी तुम्हाला म्हणाले, "कॅमेरा इज नॉट वर्किंग." खोटं बोलायला मला इंग्रजी सोपं जातं.

आजोबा शेजारीच पेपर वाचत होते. म्हणाले, "चाळीस वर्षं माझं टक्कल बघते आहेस. त्यासाठी कधी काही बंद केलं नाहीस."

डॉक्टरांना पुरावा हवा म्हणून मी रोजचं गुंतवळ, म्हणजे विंचरून निघालेले केस, लिफाफ्यात घालून वर तारीख लिहायला लागले. लिफाफे बिस्किटांच्या डब्यात ठेवले. दिवाळीची साफसफाई झाली आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं होतं. डबा उघडला तर रिकामा.

पावण्याहून, म्हणजे जवळच्या गावाहून, घरकामाला येणाऱ्या ताईंना विचारलं.

"ते दिले ना मी," त्या म्हणाल्या. "आमच्या गावात केसवाली येते, केसांवर भांडी देते. तुमचे केस लांब, म्हनून चांगली जाड वाटी दिली बगा."

"अहो, ते डॉक्टरांना दाखवायचे होते!"

"डॉक्टर काय देनार होता?"

मी वाटी हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली.

"आमी पन साठवतो मॅडम, पन पिशवीत कोंबून," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुमी तारीक घालून. शिकलेल्या बाईची गोष्टच येगली हाय."

डॉक्टरीणबाईंना पुराव्याची गरजच नव्हती. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, भिंगातून डोकं पाहिलं आणि सांगितलं, "तापाच्या धक्क्याने पुष्कळ केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळं शाबूत आहेत. हे बघा, नवे यायला लागलेत." म्हणजे केसांना तापाची बातमी उशिरा पोचते, आमच्या सोसायटीच्या नोटिशीसारखी.

एवढं समजूनही मी कॅमेरा सुरू केला नाही. सगळे केस येऊ देत, म्हटलं.

मग एका रविवारी तुमची आई धाकट्याला म्हणाली, "अरे, दात पडला तो आजीला दाखव ना."

"कशाला?" हा म्हणाला. "तिकडे कोणी नाहीये."

मला तो स्पष्ट दिसत होता. माझ्या जागी त्याला काळा चौकोन दिसत होता. चौकोनाला कोण दात दाखवणार? मी बटण दाबलं. कपाळावर नवे केस उभे, मधे भांगाचा हमरस्ता. त्याने जबडा उघडून स्क्रीनला लावला आणि खिंडारातून जीभ बाहेर काढली. थोरली म्हणाली, "आजी, कॅमेरा कोणी दुरुस्त केला?" केसांबद्दल दोघांपैकी कुणीही अवाक्षर काढलं नाही. इतके आठवडे जपलेलं गुपित! मला थोडा अपमानच वाटला.

तेव्हा थोरले, तू डॉक्टरांना जरूर दाखव, लिफाफे करू नकोस आणि येत्या रविवारी समोर ये. तुझे केस मी बघणार आहे. तुमच्याइतकी सभ्य मी नाही.

माझा अंबाडा आता लिंबाएवढा होतो, त्याला तीन पिना पुरतात. वाटी स्वयंपाकघरात आहे. तिच्यात जिरं असतं.