दाजींची लोडवरची ट्रायल

जळालेली कुठलीही वस्तू पुन्हा चालू करता येते, यावर आमच्या दाजींची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी श्रद्धा मी कुठल्या देवळात, दर्ग्यात किंवा राजकीय पक्षात पाहिलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. छावणीच्या बाजारात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीतल्या, रसवंतीच्या गाड्यावरच्या जळक्या मोटरी तिथं येतात. दाजी त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून काढतात, नवी तांब्याची तार भरतात, वार्निश पाजतात आणि मोटर आपल्या गावी परत जाते. 'ही आता गेली' असं ते एखाद्या मोटरीबद्दल बोलल्याचं मला आठवत नाही. एकदा आमच्या घरचा मिक्सर धूर काढून गेला. बायकोनं तो भंगारवाल्याला देऊन टाकला आणि आम्ही दोघं नव्या मिक्सरची स्वप्नं बघू लागलो. ही बातमी आक्कामार्फत दाजींना कळली. ते भंगारवाल्याकडं गेले, मिक्सर सोडवून आणला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमच्या दिवाणखान्यात तो चालवून दाखवला. "जित्या जनावराला खाटकाकडं देता व्हय तुम्ही?" असं मला सुनावलं ते वेगळंच. तो मिक्सर आजही चालतो. आवाज ट्रॅक्टरचा येतो, पण चालतो, त्यामुळं नवा घ्यायची सोय उरलेली नाही.

अशा माणसाला लिव्हर सिरॉसिस व्हावा आणि त्याला दवाखान्यात नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडं यावं, यात माझ्या पत्रिकेचा काहीतरी हात असणार. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायांवर सूज यायला लागली. संध्याकाळी चप्पल घट्ट व्हायची, पॅंटचं बटण लागेना. दाजींनी पहिला दोष चपलेला दिला, दुसरा धोब्याला. पोट नगाऱ्यासारखं तट्ट झालं तेव्हा आक्कानं मला फोन केला आणि मी त्यांना पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेलो. बाई तरुण, बोलायला मृदू, पण लपवाछपवी न करणाऱ्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी सांगितलं, की वर्षानुवर्षांची साखर आणि वाढलेली चरबी यांनी लिव्हर आतून घट्ट झालं आहे, त्यावर जागोजाग वण पडलेत, आणि पोटात पाणी साठलंय ते त्याचमुळं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मॅडम, लिव्हर परत येतं का?"

बाईंनी जपून उत्तर दिलं. पडलेला वण सहसा जात नाही, पण लिव्हरचा जो भाग शाबूत आहे तो सांभाळला, वजन आणि साखर आटोक्यात आली, तर तो बराच काळ काम रेटतो. काहींचं थोडंफार सुधारतंही. दाजींनी यातलं फक्त 'सुधारतंही' एवढंच उचललं. त्यानंतर हा प्रश्न त्यांनी ज्याला विचारला नाही, असा माणूस छावणीत सापडणं मुश्कील आहे. सोनोग्राफी करणाऱ्याला विचारला, औषधाच्या दुकानात विचारला, रिक्षावाल्याला विचारला. रिक्षावाला म्हणाला, "क्यों नहीं आता चाचा, अल्ला सब ठीक करता," तर महिनाभर त्याचीच रिक्षा लावली. मला तर ते रोज विचारायचे. मी पाटबंधारे खात्यात कारकून. लिव्हर पोटात उजवीकडं असतं हेसुद्धा मला त्यांच्यामुळंच कळलेलं. सुरुवातीला मी धीर द्यायचो, मग बाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवायचो, पुढं पुढं नुसता हुंकार द्यायला लागलो. खरं सांगायचं तर मी दमलो होतो. आजार त्यांना होता, आणि दमायचा हक्कही त्यांचाच होता, हे मला कळत होतं, पण दमणं काही विचारून येत नाही.

त्यातून आणखी एक दुखणं होतं. दाजींनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही आणि हे जगात कुणालाही पटत नाही. लिव्हर म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू येतं. गावाकडचे भाऊबंद भेटायला येत, केळी ठेवत आणि जाताना मला बाजूला घेऊन "थोडी थोडी तरी घेतच असतील ना?" असं विचारत. मी नाही म्हटलं की ते माझ्या पाठीवर थोपटत, म्हणजे घरची अब्रू राखतोय म्हणून माझं कौतुकच. तपासण्यांसाठी दोन दिवस दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, तेव्हा वॉर्डबॉयनं तर सरळ विचारलं, "काका, कोणती घ्यायचे?" दाजी म्हणाले, "चहा. गोड. दिसातून चौदा कप." तो हसत हसत गेला आणि सगळ्या मजल्यावर सांगून आला, की सात नंबरवाले काका लई मजेशीर हायेत. दाजी मात्र दुखावले होते. "पाव्हणं," ते मला म्हणाले, "पिऊन झालं असतं तरी बरं वाटलं असतं. मजा तरी केली असती."

पथ्य पाळण्यात मात्र दाजींचा हात धरणारा कुणी नाही. मीठ कमी करा म्हटल्यावर त्यांनी ते जवळजवळ बंदच केलं. पापड, लोणचं, ठेचा, फरसाण यांच्याकडं ते परक्या बाईकडं बघू नये तसे बघेनासे झाले. आक्कानंही आपल्या ताटातलं मीठ सोडलं, तर तिच्यावर ओरडले, "तुझं लिव्हर धडधाकट हाय ना? मग तू काऊन अळणी खायलीस?" ती म्हणाली, "मला एकटीला चव लागत नाय." अंगदुखीची गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही असं बाईंनी बजावलं होतं, तर दुकानात कुणी डोकं दुखतंय म्हणालं तरी ते त्यालाही घेऊ देत नसत. पोट साफ राहावं म्हणून दिलेलं ते चिकट गोड औषध वेळच्या वेळी घेत आणि दुकानाला मधेच कुलूप लावून घराकडं पळत. पोटाचं माप घ्यायला बाईंनी टेप सांगितला होता. दाजींनी तांब्याची तार घेतली. दर सोमवारी बेंबीवरून तार फिरवायची, टोकाला टोक आलं की कापायची आणि दुकानातल्या खिळ्यावर टांगायची. पाणी उतरवायच्या गोळ्यांनी गुण यायला लागला तशा तारा आखूड होत गेल्या. मोटर घ्यायला येणाऱ्या शेतकऱ्यांना ते त्या तारा दाखवायचे. शेतकरी बिचारे हे कोणत्या कंपनीच्या मोटरीचं माप म्हणून विचारायचे आणि दाजी पोटावर हात ठेवून म्हणायचे, "ह्या."

सहा-सात महिन्यांत पोट सपाट झालं. चेहऱ्यावर जरा तजेला आला. थकवा तेवढा गेला नाही; दुपारी दोन कॉइली भरल्या की ते खुर्चीतच मान टाकत. तरी बाई खूश होत्या. "काका, असंच चालू ठेवा," म्हणाल्या. दाजींनी विचारलं, "म्हणजे परत आलं का?" बाई म्हणाल्या, "आहे ते नीट चाललंय." मला हे उत्तर पुरेसं वाटलं. दाजींना वाटलं नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या धंद्यात आहे. रिवाइंडिंगवाले भरलेली मोटर नुसती फिरवून गिऱ्हाइकाच्या हाती देत नाहीत. टेबलावर ठेवून बटण दाबलं की ती फिरणारच. ती पंपाला जोडून, पाणी ओढायला लावून, तासभर पूर्ण लोडवर चालवायची. तापली नाही, वास आला नाही, तर काम पक्कं. दाजींनी आयुष्यात एकही मोटर लोडवर ट्रायल घेतल्याशिवाय दिलेली नाही. याचा त्यांना केवढा अभिमान, आणि तो रास्तच आहे.

देवगाव रंगारीला त्यांच्या पुतण्याचा साखरपुडा होता. मी माझी गाडी काढली. आक्का आणि माझी बायको मागं, दाजी माझ्या शेजारी. दौलताबादच्या किल्ल्याजवळच्या अरुंद दरवाजात समोरून बस आली, म्हणून गाडी थांबवली होती, तेव्हा ते हळूच म्हणाले, "पाव्हणं, रिकामी तर कुठलीबी मोटर पळती." माझ्या लक्षात आलं नाही. ते पुढं म्हणाले, "सात म्हैने झाले, ना मीठ, ना तेल. ह्याला काय चालणं म्हणतात? लोड दिल्याबिगर कसं कळंल?" मी म्हटलं, "दाजी, असलं काही करू नका." "नाय वो, नुसतं बोलायलोय," ते म्हणाले. मागं दोघी साड्यांबद्दल बोलत होत्या. त्यांना काही ऐकू गेलं नाही, आणि मीही ते मागं पोचवलं नाही.

पंगतीत मी दाजींच्या शेजारी बसलो होतो. बायकांची पंगत पलीकडच्या मांडवात होती. दाजींनी आधी भजी घेतली. मग पापड. मग लोणचं वाढणाऱ्याला थांबवून दुसऱ्यांदा घेतलं. ठेचा, मठ्ठा, मठ्ठ्यात वरून मीठ. ते हपापून खात नव्हते. एकेक घास घेऊन थांबत, पोटाकडं लक्ष देत, पुन्हा खात. दुकानात चालू मोटरीवर हात ठेवून उभे राहतात, अगदी तसे. मठ्ठ्याच्या तिसऱ्या पेल्याला त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि डोळा मारला. मी बघत होतो. त्यांचा हात धरायला मला वीतभरसुद्धा हलावं लागलं नसतं. पण मला त्या सगळ्याचा इतका कंटाळा आला होता, त्या पथ्याचा, त्या तारांचा, त्या प्रश्नाचा, की एक दिवस माणूस पोटभर जेवतोय तर जेवू दे, असं मी मनाशी म्हटलं. हे मी आक्काला अजून सांगितलेलं नाही.

ट्रायल एका जेवणावर थांबली नाही. तापली नाही असं बघून दाजींनी दुकानात फरसाणाचा पुडा आणून ठेवला, गोळ्या 'दुरुस्त मशिनीला कशाला' म्हणून बाजूला ठेवल्या आणि आठवडाभर लोड चालू ठेवला. दुसऱ्या सोमवारी आधीची तार पोटाला पुरली नाही. त्याच दिवशी त्यांना दम लागला आणि मी त्यांना घेऊन पुन्हा बाईंकडं गेलो. भरती करावं लागलं. सुई घालून पोटातलं पाणी काढलं. बाटल्या भरत गेल्या आणि दाजी त्यांच्याकडं बघत पडून राहिले. आक्का घरून डबा घेऊन यायची होती तेवढ्या वेळात मी त्यांना म्हटलं, "दाजी, मी बघत होतो त्या दिवशी. अडवायला पाहिजे होतं." ते म्हणाले, "तुमचं मी ऐकलं असतं व्हय?" ऐकलं नसतं हे खरंच आहे. पण त्यानं मला काही बरं वाटलं नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या, स्टूल ओढून कॉटजवळ बसल्या. मला वाटलं आता रागावणार. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, तुम्ही मला सारखं विचारता, मी पण आज सरळ सांगते. पूर्वीसारखं लिव्हर होणार नाही. वण पडलाय तो पडलाय. ते आत्ता तुम्हाला साथ देतंय ते लोड नाही म्हणूनच. गोळ्या, बिनमिठाचं जेवण, तपासण्या, हे सगळं आता कायमचं. हे पाळलंत तर वर्षं मिळतील, चांगली मिळतील. आणि अगदीच थकलं तर लिव्हर बदलायचा विचार करू, तेव्हाचं तेव्हा." दाजी छताकडं बघत होते. एरवी एवढ्यात त्यांनी तीन मोटरींचे दाखले दिले असते. त्या दिवशी म्हणाले, "बरं मॅडम." एवढंच.

तेव्हापासून ते तो प्रश्न विचारत नाहीत. सकाळी दोन तास दुकानात बसतात, जड मोटरी दुसऱ्या दुकानात पाठवून देतात, दुपारी झोपतात, रात्री झोपण्याआधी बाईंनी सांगितलंय म्हणून थोडंसं काही खातात. गोळ्या चुकवत नाहीत. कुणी दारूबद्दल खोचून विचारलं तरी चहाचा विनोद करत नाहीत, "असंल" म्हणतात. आक्का म्हणते, शहाणे झाले. रोजच्या त्या प्रश्नातून सुटलो म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. पण संध्याकाळी त्यांच्याकडं चक्कर टाकली की आम्ही दोघं टीव्ही बघत बसतो आणि मला काही केल्या करमत नाही.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो. बाईंनी रिपोर्ट चाळले, "स्थिर आहे, छान," म्हणाल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "काही विचारायचंय का?" दाजी शर्टाचं बटण लावत होते. मान हलवून ते रिपोर्ट पिशवीत भरायला लागले. मला ते सहन होईना, म्हणून मीच विचारलं, "मॅडम, लिव्हर परत येतं का हो?"

बाई तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "नाय येत, पाव्हणं. हाय तेवढ्यावर चालवायचं. किती डाव विचारताव माणसाला?" आणि माझ्या वतीनं माफी मागावी तसे बाईंकडं बघून हसले. सुरुवातीपासून मी हेच मागत होतो, की या माणसाला एकदा हे पटू दे. आता पटलं होतं. आणि त्या खुर्चीत बसून मला वाटत होतं, की दाजींनी उठावं, टेबलावर हात आपटावा आणि बाईंशी कडाकडा भांडावं.