काशिमिऱ्याच्या नाक्यावर भरलेली ओटी

मला वापीला दिली तेव्हा वडिलांचा हिशोब सोपा होता. मुंबईहून दिल्लीला जाणारा हायवे आपल्या काशिमिऱ्यावरून जातो, तोच वापीवरून जातो. "बसमध्ये बसली की माहेर. गाडी बदलायची नाही, काही नाही." भिलाड, तलासरी, चारोटी, मनोर, मग खाडीचा पूल आणि काशिमिरा. एवढं पाठ असलं की पुरे.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याने डोक्यात पोळपाट घातला, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पिशवी भरली, स्टँडवरून नवघरला, माहेरच्या शेजाऱ्यांकडे फोन केला, "आईला सांगा, येतेय, कायमची," आणि निघाले.

काशिमिऱ्याला उतरले तर आई आणि दादा कडेला उभे. न्यायला आलेत असं वाटून मी पिशवी दादाकडे दिली. त्याने ती घेतली आणि पलीकडे बघत म्हणाला, "गुजरातच्या गाड्या समोरून मिळतात. चल, क्रॉस करूया."

"दादा, मी परत नाही जात."

"हळू बोल," आई म्हणाली. "धाकटीला बघायला आज माणसं येतायत. तुला अशा तोंडाने कुणी जिन्यात बघितलं तर तिचं काय?"

"मागच्या खोलीत बसते. बाहेर येत नाही."

"आणि उद्या?"

दादा हसला. "उद्या म्हणेल, आता आलेच आहे तर राहते."

पलीकडे ट्रकांच्या धुरळ्यात आईने कुंकवाची डबी काढली. लेकीला ओटी न भरता पाठवायचं नसतं. कपाळावरची खपली टाळून तिने नेटकं कुंकू लावलं. मी पदर पुढे करेना, तर तिनेच तो ओढून तांदूळ, नारळ, खण घातले. बस थांबली. "बेन, बैठना है कि नहीं?" कंडक्टर ओरडला. दादाने मागून ढकललं.

सासू दारातच होती. माझ्या पदराकडे बघून तिने आत हाक मारली, "अरे, आली रे! सकाळी गेली, संध्याकाळी ओटी भरून घेऊन आली." मग मला म्हणाली, "म्हणजे तिकडे विचारून झालं तर."

तोपर्यंत नवरा मारण्याआधी दार लावून घ्यायचा. त्या संध्याकाळी नाही लावलं. पुढेही कधी नाही.