इनासदादांचं कुलूप

हसा, पोटभर हसा, पण कपातला चहा माझ्या अंगावर सांडू नका, एवढीच अट आहे! कारण आता जे सांगणार आहे, ते मी माझ्या बायकोलासुद्धा लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं. तेही तिला आधी बाहेरून कळलं म्हणून!

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी नवाकोरा वकील. वसई कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक खोली, एक टेबल, एक भाड्याचा टाइपरायटर. तोवर माझ्याकडे आलेल्या केसेस म्हणजे काय? शेजाऱ्याचा माड आमच्या कौलावर वाकलाय, याच्या म्हशीनं त्याचं केळीचं बन खाल्लं! आणि मला तर व्यापारातले दावे लढायचे होते. भागीदारी, करार, मनाई हुकूम... नुसते शब्द उच्चारले तरी अंगात वीज खेळायची!

अशात एके सकाळी इनासदादा आले. पन्नाशीचे, वाडीवाले, पांढराशुभ्र शर्ट. पाचूबंदरच्या वाटेवर बर्फाचा कारखाना होता ना, त्यातले अर्धे भागीदार. अर्धे मोरेश्वरशेठ. दोघं शाळेपासूनचे मित्र, आणि आता बोलणं बंद!

"राऊतसाहेब," इनासदादा म्हणाले, "बारा वर्षं एकत्र धंदा केला. आता पहिला बर्फ कुठल्या होडीला द्यायचा यावरून वाजलं. मला दुसरं काय नको. त्या कुलपाचं तेवढं करा."

"कुलूप?"

"हां, कुलूप! आठवडा झाला, जीव नुसता कुलपात अडकलाय."

पुढेही ते बराच वेळ बोलत होते हो. पण मी ऐकतोय कुठे? ते बोलत होते आणि मी मनातल्या मनात अर्जाची पहिली ओळ जुळवत होतो! भागीदारांचा वाद, चालता कारखाना, आणि पक्षकाराला हवंय कुलूप! म्हणजे काय? कारखान्याला कोर्टाचं कुलूप! अहो, असली केस माझ्या सीनियरनाही कधी मिळाली नव्हती!

"इनासदादा, निर्धास्त राहा," मी टेबलावर मूठ आपटली. "कुलपाचं काम झालंच समजा!"

अर्ज लिहिला इंग्रजीत. सात पानं! इनासदादांनी कौतुकानं पानं उलटली, पेन मागितलं आणि सही ठोकली. वर म्हणाले, "एवढ्याशा कामाला एवढं लिहावं लागतं?" मी गालातल्या गालात हसलो. माझ्या मेहनतीचं कौतुक चाललंय, असं वाटलं मला!

दुसऱ्या दिवशी कोर्टात उभा राहिलो. समोरच्या बाजूला कोणी नाही, मैदान मोकळं! न्यायाधीशसाहेब शांत माणूस. अर्ज वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"राऊत, चालता कारखाना बंद करायचा? यात तुमच्याच पक्षकाराचं नुकसान नाही का?"

"साहेब, माझ्या पक्षकाराची एकच मागणी आहे. कुलूप!"

"आत काही नाशवंत माल?"

"छे छे, साहेब! नुसता बर्फ आहे."

सगळं कोर्ट हसलं. मला वाटलं, मोरेश्वरशेठला हसताहेत! मग मी असा काही बोललो, असा काही बोललो, की शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. पंधरा दिवसांपुरता हुकूम देतो. मात्र जबाबदारी तुमची."

जबाबदारी? मी तर हवेत होतो! बाहेर येऊन इनासदादांना निरोप धाडला, 'उद्या सकाळी कारखान्यावर थांबा, कोर्टाचा बेलिफ येतोय.'

सकाळी अंघोळ करून, कोट चढवून, सायकलवर टांग मारली. पोचेपर्यंत बेलिफचं काम उरकलं होतं. मशीन बंद. कामगार बाहेर. दाराला नारळाएवढं कुलूप! शिपाई त्यावर लाख वितळवून सील करत होता, पण दार इतकं गार आणि ओलं, की लाख चिकटेचना. टपाटप खाली!

आणि दारासमोर इनासदादा आणि मोरेश्वरशेठ, दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरलेल्या!

"कोर्टाचं कुलूप आणतोस काय रे इनास!"

"मी? तूच आणलंस! तुझं कुलूप पुरलं नाही म्हणून कोर्टाचं आणलंस!"

आता शहाणा माणूस इथूनच सायकल वळवेल की नाही? मी काय केलं? दोन्ही हात पसरून पुढे गेलो!

"अभिनंदन, इनासदादा! बघा, कसलं जबरदस्त कुलूप लावलं आपण!"

कॉलरी सुटल्या. चार डोळे माझ्यावर.

"लावलं?" इनासदादांचा आवाज अगदी बारीक झाला. "अहो, लावायचं नव्हतं. काढायचं होतं! यानं दाराला स्वतःचं कुलूप घातलं होतं, किल्ली एकट्याकडे, मला आत सोडत नव्हता. ते काढायला सांगितलं होतं तुम्हाला! हा बघा, दार उघडल्यावर फोडायला नारळ आणलाय मी!"

त्या नारळाकडे आणि मग त्यांच्या हाताकडे बघून मी दोन पावलं मागे सरलो. पाय पाण्यात पडला. खाली बघतो तर दाराखालून पाण्याची धार! आत बर्फाच्या शेकडो लाद्या, वीज बंद, आणि वर एप्रिल महिन्याचं ऊन!

एवढ्यात बंदराकडून पाच-सहा कोळणी आल्या. पुढे मार्थाबाय. आवाज असा, की समुद्रातल्या होडीला किनाऱ्यावरून ऐकू जावा.

"बर्फ कुठं हाय? भरतीबरोबर होड्या लागतील. म्हावरं काय उन्हात वालत घालू?"

"बाय, कोर्टाचं कुलूप लागलंय," मोरेश्वरशेठ म्हणाले.

"कोनी लावलं?"

बारा वर्षांचे भागीदार, आठवडाभर एकमेकांचं तोंड न बघितलेले. पण त्या क्षणी दोघांनी एकाच वेळी, एकाच दिशेनं बोट केलं!

खरं सांगतो, ही विनोदाची गोष्ट नव्हती हो. चाळीस होड्यांची मासळी, चाळीस घरांची चूल! सगळं माझ्या सात पानांखाली चिरडणार होतं. मी बेलिफच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, "वकीलसाहेब, हुकूम तुम्हीच आणलात. आता कोर्टच काढेल."

"मग कोर्टात चला!" मी ओरडलो. "दोघांनी मिळून समेट लिहून दिला, तर साहेब आत्ताच्या आत्ता कुलूप काढतील!"

बर्फ वाहायचा टेम्पो उभाच होता. पुढे ड्रायव्हरशेजारी दोन्ही भागीदार. मागे ओल्या फळीवर, टोपल्यांच्या मधोमध, मी आणि कोळणी. वाटभर मार्थाबाय विचारत होती, "वकिला, तुला शिकवला कोन?" सीनियरचं नाव मी अखेरपर्यंत सांगितलं नाही. तेवढी अब्रू राखली त्यांची!

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो, कागद मांडीवर. आणि काय चमत्कार सांगू! वर्षानुवर्षं मिटत नाहीत असले वाद हो, पण ते दोघं भराभर सांगत सुटले. कुलूप एक, किल्ल्या दोन. जी होडी आधी लागेल तिला बर्फ आधी. बोलणं कधी बंद करायचं नाही. मी लिहितोय, घाम पुसतोय, लिहितोय!

"संपलं?" मी विचारलं.

इनासदादांनी मोरेश्वरशेठच्या कानात काहीतरी सांगितलं. मोरेश्वरशेठ आठवड्यात पहिल्यांदा हसले.

"अजून एक कलम घाला," ते म्हणाले. "लिहा. यापुढे आमच्यात कितीही मोठा वाद झाला तरी..."

"झाला तरी..." मी लिहिलं.

"...दोघांपैकी कोणीही राऊत वकिलांकडे जाणार नाही."

माझं पेन थांबलं. मार्थाबाय पाठीमागून म्हणाली, "लिव की! होड्या खोलंबल्यात!"

लिहिलं. काय करणार? स्वतःच्या हातानं, सुवाच्य अक्षरात, स्वतःच्या नावासकट! खाली दोघांच्या सह्या, आणि 'माझ्यासमक्ष केल्या' म्हणून माझी!

न्यायाधीशसाहेबांनी सगळा समेट वाचला. शेवटच्या कलमाशी थांबले. पुन्हा वाचलं. हुकूम उठवला, बेलिफला ताबडतोब पिटाळलं, आणि मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"राऊत," ते म्हणाले, "तुमच्या सात पानांच्या अर्जातून मला काही कळलं नव्हतं. पण हे शेवटचं कलम! इतकं स्पष्ट आणि पक्षकारांच्या हिताचं तुम्ही लिहिलेलं मी आज पहिल्यांदाच वाचतोय!"