देवश्रीचा घट

देवश्रीला आईला भेटायचं होतं. वर्ष झालं, दुर्गाघाटावरच्या माहेरचं दार तिच्यासाठी उघडलं नव्हतं. गंगेपलीकडच्या रामनगरच्या एका खोलीत येशूची प्रार्थना चालते, तिथे ती जाते, हे कोणीतरी मोबाइलवर टिपलं आणि गल्लीभर फिरवलं. शाळेतली नोकरी गेली. तेव्हापासून ती रामनगरलाच राहत होती, शिकवण्या घेत.

म्हणून धाकट्या भावाचा, केयूरचा, फोन आला तेव्हा ती हरखली.

"उद्या सकाळी घाटावर ये, ताई. आई असेल."

"बरी आहे ना?"

"ये तर."

सकाळी माहेरच्या गल्लीच्या तोंडाशी मालविकाकाकू भाजी निवडत बसल्या होत्या. "काय गं, धर्म बदलल्याचं तांदळाचं पोतं घरपोच येतं, की आणायला जावं लागतं?" शेजारणी फिदीफिदी हसल्या. देवश्री खाली मान घालून पायऱ्या उतरली.

पाण्याजवळ मातीचा भरलेला घट होता. वडील, बिंदुमाधवशास्त्री, जानवं उजव्या खांद्यावर घेऊन दक्षिणेकडे तोंड करून बसले होते. जन्मभर त्यांनी लोकांची श्राद्धं केली. आज कोणाचं, ते तिला घट पाहून कळलं. धर्म सोडणाऱ्याला जिवंतपणीच मेलं ठरवायचं, तर त्याच्या नावाचा घट लाथेने पाडतात. मग घरचे आंघोळ करतात. नातं संपतं. हा विधी तिने फक्त बाबांच्याच तोंडून ऐकला होता, लहानपणी, गोष्टीसारखा.

"पंचगव्य ठेवलंय," बाबा म्हणाले. "घे, चुकले म्हण. घट उचलतो. आईबरोबर घरी जेव."

केयूरशेजारी उभी आई तिच्याकडे बघत होती. किती वाळली होती.

"बाबा, खोटं कसं म्हणू?"

लाथ दासीने मारायची असते. घरकामाची अन्नपूर्णा ते ऐकून काम सोडून गेली होती. बाबांनी आईकडे पाहिलं.

"तू."

"अहो, माझ्या पोटची आहे ती."

"म्हणूनच."

आईचा पाय नुसता लागला. घट हलला, पडला नाही.

"नीट!"

दुसऱ्यांदा तो आडवा झाला. पाणी देवश्रीच्या पावलांवरून वाहत गेलं.

आई गंगेत बुडी घेऊन कुडकुडत वर आली. देवश्री ओढणी काढून पुढे झाली.

"शिवू नकोस!" बाबा ओरडले. "पुन्हा बुडवावी लागेल तिला."

देवश्रीने हात मागे घेतला.

"मेलेल्यांनी आता निघावं," केयूर म्हणाला.

"आमच्यात मेल्यावर संपत नाही, केयूर."

"हो का? तिसऱ्या दिवशी उठलीस की फोन कर."

रामनगरला परतताना नावेत तिला प्रार्थना सुचेना. मग आठवलं, येशूलाही गावाबाहेर नेऊनच मारलं होतं. त्याचीही आई बघत उभी होती. तेवढ्यावर तिला श्वास घेता आला. तिने घरच्यांसाठी देवाकडे मागायला सुरुवात केली. आई. केयूर. पुढचं नाव तोंडातून निघेना. रामनगरचा काठ लागला तरी ती नावेतच बसून राहिली. नावाडी खेकसला, "उतरो, बहिनजी."

"बाबा," ती दात आवळून म्हणाली, आणि उतरली.