पाय काढला की बंद पडणारी गाडी

सुनंदा गेल्याचं तिच्या मुलाने, निलेशने, फोनवर सांगितलं तेव्हा मी दूध तापवत होते. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही, एवढंच तो म्हणाला. मी गॅस बंद केला, साडी बदलली आणि ऑटो बघायला खाली उतरले. नारायणगुड्याहून चिक्कडपल्लीला जायला काही वेळ लागत नाही, पण त्या दिवशी मला कुठलीच घाई वाटेना... पोचून करणार काय होते मी? आता या गोष्टीला काही आठवडे झाले. सुनंदा आणि मी इथे हैदराबादेत एकाच सरकारी कचेरीत नोकरीला लागलो आणि एकाच खोलीत बसून निवृत्त झालो. दोघींची माहेरं मराठवाड्यातली, शेतकऱ्यांची. आमच्या बोलण्यात हौ, नक्को, परेशान असे शब्द इतके मुरलेले की पुण्याचे पाहुणे आले की ते आधी हसायचे आणि मग चहा घ्यायचे. तिच्याविषयी लिहा म्हटल्यावर लोकांना तिचा प्रेमळ स्वभाव वगैरे वाचायचा असेल. ती फारशी प्रेमळ नव्हती. ती बरोबर असायची, आणि बरोबर असणाऱ्या माणसाबरोबर राहणं सोपं नसतं.

नवरा गेल्यावर तिने त्याची पेट्रोलची जुनी गाडी विकली नाही, चालवायला शिकली. मलकपेठेतल्या एका ड्रायव्हिंग स्कूलचे म्हातारे मास्तर तिला शिकवायचे. त्यांचा एक नियम होता : सिग्नल लाल झाला की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, हँडब्रेक ओढायचा आणि दोन्ही पाय मागे घ्यायचे. "पाँव को भी आराम देओ, अम्मा," असं ते म्हणायचे. हा नियम हैदराबादेत पाळणारी माझ्या माहितीतली ती एकटीच. बाकी सगळं शहर सिग्नलला उभं राहून ॲक्सिलरेटर दाबत घूं घूं करत असतं, दिवा हिरवा व्हायच्या आधीच निघायचं असतं ना. तिचा नवरा तसंच करायचा, दीर तसेच, निलेशही तसाच. मला गाडी येत नाही. मी शेजारच्या सीटवर बसून पर्स सांभाळायचे. दर रविवारी आम्ही दोघी मलकपेठला तिच्या थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे जायचो. अक्का अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना सुनंदाच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी लागायची. तो डबा वेळेवर पोचवणं हे सुनंदाच्या आठवड्यातलं मुख्य काम होतं.

मग गाडी सिग्नलला बंद पडायला लागली. चालताना छान चालायची, उभी राहिली की थरथरायची आणि गप्प व्हायची. मागचे हॉर्न वाजवायचे, एखादा शेजारून जाताना काच खाली करून "अम्मा, घर बैठो," म्हणून जायचा. हे निलेशच्या कानावर गेलं. त्याने एक दिवस स्वतः गाडी काढली, शहरभर फिरवून आणली, कुठे म्हणून बंद पडली नाही. मेकॅनिक गौसभाईंनीही एक चक्कर मारली आणि म्हणाले, "गाडी बराबर है, कुछ नै हुआ." झालं, निकाल लागला. गाडी बरोबर, म्हणजे चालवणारी चुकते. त्याच सुमारास ती एकदा चष्मा विसरली होती आणि एकदा कुकरची शिट्टी. त्या दोन्ही गोष्टी आता गाडीच्या हिशेबात जमा झाल्या. निलेश वाईट मुलगा नाही, त्याला खरीच भीती वाटत होती. "आई, वय होतं गं माणसाचं," असं म्हणून त्याने किल्ली आपल्या खिशात टाकली. रविवारी मी नेईन म्हणाला. त्याचा रविवार दुपारी सुरू व्हायचा, तोवर अक्का वरण-भात खाऊन झोपलेल्या असायच्या.

सुनंदा भांडली नाही. मला म्हणाली, "कुसुम, मी चुकत असेन तर किल्ली देऊन टाकीन. पण आधी गाडी बघू, मग मला बघू." तिने मोबाइलवर तेलुगूतले व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि बघितलेलं मला मराठीत सांगायला. इंजिनमध्ये एक छोटा व्हॉल्व असतो म्हणे. आपण पाय काढला की हवेचा मुख्य रस्ता बंद होतो, तेव्हा इंजिन चालू राहण्यापुरती हवा हा व्हॉल्व सोडतो. त्याच्यात काजळी बसली की हवा कधी कमी, कधी जास्त. मग उभ्या गाडीत आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्यांचा, काटा वरखाली नाचतो, एसी लावला की इंजिन खाली बसतं, सकाळी ॲक्सिलरेटर दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही. यातलं एकेक आम्ही पाहिलेलं होतं. काटा नाचायचा तो तर मी डोळ्यांनी बघितला होता, मला वाटायचं जुन्या गाडीत नाचत असेल. एकच गोष्ट तिला कळत नव्हती... निलेशच्या हातात ही गाडी शहाण्यासारखी का वागते?

पुढच्या रविवारी आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो. नारायणगुड्याच्या चौरस्त्यावर सिग्नल पडला. सुनंदा पुढे वाकली आणि मुलाच्या पायांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "निलू, एसी चालूच राहू दे. न्यूट्रल कर आणि पाय काढ."

"कशाला?"

"काढ तर."

त्याने काढला. काटा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला, गाडीने दोन आचके दिले आणि सिग्नललाच मेली. मागे हॉर्नचा गलका. सुनंदा मागे टेकून बसली आणि म्हणाली, "तुझंही वय झालं वाटतं." मी तोंडाला पदर लावला. त्या घरातल्या सगळ्या पुरुषांचा आणि गौसभाईंचाही पाय सवयीने ॲक्सिलरेटरवर असायचा, म्हणून गाडीचं दुखणं कुणाला दिसलंच नाही. नियमाने चालवणारीच्या हातात तेवढी ती बंद पडायची. गौसभाईंनी व्हॉल्व काढून दाखवला, कोळशाच्या खाणीतून आणल्यासारखा काळा. तो साफ केला, तरी भागेना म्हणून नवा बसवला. निलेशने किल्ली परत दिली, आणि त्याच्या बाजूने हे सांगायला हवं की माफीही मागितली. सुनंदाने किल्ली घेतली आणि पर्समध्ये टाकली.

त्यानंतर बरेच रविवार चांगले गेले. मग एकदा मलकपेठेत, अक्कांच्या गल्लीच्या तोंडाशी तिने गाडी थांबवली. सिग्नल नव्हता, समोर कुणी नव्हतं. न्यूट्रल, हँडब्रेक, पाय मागे. मागून हॉर्न वाजायला लागले. मला वाटलं, पुन्हा सुरू झालं. म्हटलं, "तोच व्हॉल्व असेल गं, गौसभाईंना फोन करू." ती काट्याकडे बघत होती.

"नाही कुसुम. काटा हलत नाहीये, बघ ना," ती म्हणाली. मग जरा वेळाने, पत्ता विचारावा तशी, "अक्काकडे डावीकडे वळायचं की उजवीकडे?"

मी डावीकडे म्हटलं. तिने व्यवस्थित इंडिकेटर दिला आणि वळली. अक्कांना भाकरी कुस्करून भरवली, नेहमीसारखं त्यांचं डोकं विंचरलं. घरी आल्यावर तिने किल्ली निलेशच्या हातावर ठेवली. कुणी काही बोललं का तुला, असं तो विचारत राहिला. ती म्हणाली, "तेव्हा गाडी होती. आता मी आहे." एवढं बोलून ती कणीक मळायला गेली. मी तिथेच उभी होते. माझ्या ओळखीत इतकं सरळ वागलेलं दुसरं माणूस नाही, आणि त्या दिवशी तिने जरा खोटं बोलायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

अक्का आहेत. सुनंदा गेल्याचं त्यांना सांगितलंय, त्यांना ते कधी आठवतं, कधी नाही. डबा आता निलेशची बायको करते आणि निलेश मला घेऊन जातो, सकाळी वेळेवर. मागच्या रविवारी त्यांच्या घराखाली मला एसीत बसवून, गाडी चालू ठेवून तो डबा आणायला वर गेला. मी एकटीच होते. काट्याकडे लक्ष गेलं. एका जागी ठाम उभा, इंजिनचा आवाज एकसारखा, कुठे थरथर नाही. मला त्या गाडीचा इतका राग आला की मी हात लांब करून किल्ली फिरवली. निलेश आला, दार उघडून बसला, आवाज नाही म्हणून माझ्याकडे वळला.

"बंद पडली का, मावशी?"

मी हो म्हटलं.